सुवर्णाचा फोन माझ्या कपाटात

शेणवे गावाकडचे एक गृहस्थ एकदा माझ्या खोलीत आले, रुमालात गुंडाळलेली एक वस्तू टेबलावर ठेवली आणि समोर बसले. मी रुमाल उघडला. आत मोबाईल होता. त्याला काळा दोरा बांधलेला होता.

“मुलगा कुठाय?” मी विचारलं.

“तो येत नाय. लय समजावला. मग म्हटलं, नाय तर नाय, हाच घेऊन जातो. ह्याला काय ते सांगा.”

ते चेष्टा करत नव्हते. पोरानं दोन महिन्यांत शाळा सोडली होती, ताटावरून उठून जात होता. बापाला जे जे सुचलं ते त्यानं केलं होतं. काळा दोराही त्यातलाच. मी त्यांना चहा दिला आणि फोन त्यांच्याच हातात परत दिला. नंतर मुलगा आलाही. पण तेव्हापासून कुणी फोनला आजारी म्हणालं की मला हसू येत नाही. फोनकडे बोट दाखवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांतली एक मी स्वतः.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी बावीस वर्षं समुपदेशक होते. आठवड्याचे तीन दिवस शहापूर, दोन दिवस मुरबाड. गेल्या वर्षी निवृत्त झाले. पाड्यांवरच्या लोकांना ‘समुपदेशक’ म्हणता येत नसे आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे. ते मला ‘समजावणाऱ्या बाई’ म्हणत. खरं तर आमच्या कामात समजावणं सगळ्यात कमी. समोरच्यानं बोलावं म्हणून गप्प बसायचं, हेच मुख्य काम. खुर्ची समोरासमोर ठेवायची नाही, थोडी तिरकी ठेवायची, म्हणजे बोलताना खिडकीबाहेर बघायची सोय राहते. माझ्या खिडकीतून दवाखान्याची पाण्याची टाकी दिसायची. त्या टाकीला या दोन तालुक्यांतली जेवढी गुपितं ठाऊक आहेत तेवढी मलाही नसतील.

पहिली बरीच वर्षं दारू आणि मधेच सोडलेल्या क्षयाच्या गोळ्या यांतच गेली. दारूचं मला कळत होतं. दारू पिणाऱ्याला मी सांगू शकायचे, गुत्त्यावरून जाऊ नकोस, लांबचा रस्ता धर. मोबाईल आला आणि गुत्ता खिशात आला. शिवाय दारू पूर्ण बंद करता येते, मोबाईल बंद करता येत नाही. शाळेचा निरोप त्यावर, दाखला त्यावर, कामाची बोलावणी त्यावर. तेव्हा ‘सोड’ म्हणायची सोय नाही. ‘कमी कर’ म्हणावं तर किती कमी, हे कुणालाच सांगता येत नाही.

लोकांना वाटतं आम्ही तास मोजतो. तास फारसे उपयोगी नसतात. मी तीन गोष्टी विचारत असे. यापायी तू काय काय सोडलंस? तूच ठरवलंस तर खाली ठेवता येतो का? आणि ठेवल्यावर हाताला काय होतं? मग एक वही द्यायची. फोन घ्यावासा वाटला की वेळ लिहायची, दहा मिनिटं थांबायचं, हाताला दुसरं काम द्यायचं. घरच्यांना बजावायचं, की हिसकावू नका, फोडू नका. एवढंच शास्त्र. वाचायला सोपं वाटतं.

ते किती फसवं असतं ते मुरबाडच्या एका मुलानं मला शिकवलं. तीन महिन्यांत त्यानं खेळ सोडला, वही इतकी नीटनेटकी लिहिली की मी ती दुसऱ्या मुलांना दाखवत असे. वर्षानं त्याची आजी डोळे दाखवायला आली तेव्हा कळलं, पठ्ठ्या रोज तिच्या फोनवर खेळत होता. “माझा फोन म्हातारा झालाय बाई, सारखा तापतो,” अशी तिची तक्रार होती.

या सगळ्यांत एक मुलगी अशी आली, की तिच्याबाबतीत मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव बदललं आहे. “नाव बदला,” ती म्हणाली होती, “पण मी कप्तान होते ते बदलू नका.”

कापणी संपून मळणी सुरू झाली होती. एका दुपारी डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरून तीन वर्षांचं पोर दवाखान्यात आणलं. नाव पिंट्या. घरात थंड पेयाच्या बाटलीत डिझेल होतं, ते तो प्यायला होता. शेजारणीनं घाईघाईत मिठाचं पाणी पाजून उलटी करवली, त्यामुळे डिझेल छातीत उतरलं. पोर निळं पडत चाललं होतं. त्याला प्राणवायू लावला.

त्या वेळी घरात दोघंच होती. पिंट्या आणि त्याची आत्या, सुवर्णा. वय अठरा पूर्ण. बाकीची माणसं खळ्यावर. सुवर्णा आतल्या खोलीत कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाईलवर खेळत होती. पिंट्या खोकला, रडला, तिला ऐकूच आलं नाही. खेळ संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा तो दारात पालथा पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. “पोर वाचेल,” ते म्हणाले. “पण त्या मुलीकडे बघा. कालपासून तिनं पाणीही घेतलेलं नाही.”

सुवर्णा वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून बसली होती. पाच हातांवर तिची वहिनी, पिंट्याची आई लीला होती. मधे कुणी बसलं नव्हतं, जागा रिकामी असूनही. सुवर्णाचा थोरला भाऊ, पिंट्याचा बाप दत्तू येरझाऱ्या घालत होता. मला बघून तोच बोलायला लागला.

“म्याडम, हिला समजावा. मीच फोन घेऊन दिला हिला, बारावीच्या अभ्यासाला. दोन विषय गेले. आता पोराचा जीव घेणार होती. मोबाईलनं खाल्ली हिला.”

लीला काहीच बोलली नाही. सुवर्णाही नाही. मी सुवर्णाजवळ बसले आणि माझ्या कामाच्या कागदावर तपशील भरला. ‘समस्येचं कारण’ या रकान्यात लिहिलं, मोबाईल गेमचं व्यसन. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

पाच दिवसांनी पिंट्या घरी गेला. पुढच्या मंगळवारी सुवर्णा एकटीच जीपनं शहापूरला आली. तिरक्या खुर्चीत बसली आणि अर्धा तास टाकीकडे बघत राहिली. मग बॅगेतून फोन काढून तिनं टेबलावर ठेवला.

“हा तुमच्याकडं ठेवा.”

“मी कुणाच्या वस्तू ठेवत नाही, सुवर्णा.”

“घरी ठेवला तर दादा फोडेल. माझ्याजवळ ठेवला तर मी खेळेन. मना माहीत हाय. काल पण खेळले.” मग हळूच, “पिंट्या घरी आला त्याच दिवशी खेळले, म्याडम.”

या एका वाक्यावरून मला कळलं की मुलगी खरीच अडकली आहे. कुणी काही म्हणो, ते व्यसनच होतं. हात थरथरत होते, झोप गेली होती, आणि जिच्यावर जीव त्या पोराचं असं झाल्यावरही हात फोनकडे गेला होता. आमच्या कामाचा नियम आहे, की येणाऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायची नाही. मी नियम मोडला. फोन बंद करून माझ्या कपाटात, कागदांच्या गठ्ठ्यामागं ठेवला.

त्यानंतर ती दर मंगळवारी येऊ लागली. तिच्याकडून मला त्या खेळाची माहिती झाली. चौघांची टोळी असते, कुठली कुठली माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली. रिकाम्या गावात उतरायचं, लपायचं, समोरच्या टोळ्यांना मारायचं, शेवटपर्यंत टिकायचं. बोलणं सगळं हिंदीत. सुवर्णा टोळीची कप्तान होती.

“म्हणजे काय करायचीस?”

“मी सांगायची कुठं जायचं. कोण पुढं, कोण मागं. समदे ऐकायचे.” ती पहिल्यांदा सरळ बसली होती. “शाळेत मी बोलले की पोरी हसायच्या, माझी बोली ऐकून. तिथं कोण हसला नाय. रुबी तर म्हणायची, कप्तान, तू बोल, तू बोलली की डर नाय वाटत.”

“रुबी कोण?”

“आमच्यातली एक. तिचा लहान पोर हाय. मांडीवर घेऊन खेळते.”

मी हे ऐकलं आणि वहीत टिपलं, ‘खेळातील खोट्या प्रतिष्ठेची ओढ’. असे शब्द आम्हाला शिबिरांत मिळतात. लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं.

महिन्याभरात फरक दिसला. ती जेवू लागली, झोपू लागली. पिंट्याला अंघोळ घालते, असं लीलानं जीपवाल्याच्या हाती निरोप पाठवून कळवलं. लीलाकडून आलेला तो पहिला निरोप. मला फार बरं वाटलं.

मग बारावीच्या राहिलेल्या विषयांचा आणि एका दाखल्याचा अर्ज भरायची वेळ आली. सगळं ऑनलाइन, आणि नंबर तिचा नोंदवलेला, म्हणजे ओटीपी तिच्याच फोनवर येणार. ती पाड्यावर होती, तिला एवढ्यासाठी कशाला बोलवायचं म्हणून, मंगळवारीच तिला विचारून ठेवलं होतं त्याप्रमाणे मी कपाटातला फोन काढला आणि चालू केला. चालू होताच तो थरथरायला लागला. निरोपांवर निरोप. मी ते उघडले नाहीत. ओटीपी आला, अर्ज भरून झाला. फोन बंद करणार एवढ्यात तो वाजला.

मी उचलायला नको होता. उचलला.

“कप्तान?” बाईचा आवाज. मागं लहान मूल रडत होतं. “कप्तान, तू है ना?”

“मी... मैं उसकी मॅडम बोल रही हूँ.”

“दीदी, वो ठीक तो है ना? कितने दिन से आयी नहीं. हम लोग को लगा मर गयी. वो बोली थी ना उस दिन, बच्चे को कुछ हो गया, फिर आयी ही नहीं. बच्चा कैसा है?”

आता सांगते. त्या दोन महिन्यांत पाड्यावरच्या किंवा नात्यातल्या एकाही माणसानं सुवर्णा कशी आहे, असं मला विचारलं नव्हतं. पोर कसं आहे, हे सगळ्यांनी विचारलं होतं. पोरगी सुधारली का, हेही विचारलं होतं. त्या क्षणी हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच, की हा तोच गुत्ता, दार ठोठावतोय.

“वो ठीक है,” मी म्हणाले. “लेकिन अब खेलेगी नहीं. दुबारा फोन मत करना.”

“अच्छा,” ती म्हणाली. थोडा वेळ फक्त तिच्या मुलाचा आवाज. “उसको बोलना, रुबी ने पूछा.”

मी फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला. मंगळवारी सुवर्णा आली. मी तिला काहीच सांगितलं नाही. तिच्या तब्येतीला जपायचं, एवढंच मी माझ्या मनाला सांगितलं.

सुवर्णानं परीक्षा दिली. आणि माझ्या दृष्टीनं ती बरी झाली. इतकी बरी, की मी गोंधळले. ती कशालाच नाही म्हणेना. वही लिही म्हटलं की लिहायची. लवकर ऊठ म्हटलं की उठायची. काय वाटतं विचारलं तर म्हणायची, “तुमी सांगाल तसं.” आधी जी मुलगी टाकीकडे बघत का होईना, भांडून बोलायची, ती आता माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देत होती. मुरबाडकडच्या एका मुलाचं स्थळ आलं. बघायला येणार होते. मी विचारलं, तुला करायचंय का लग्न?

“दादा म्हणतो चांगला हाय.”

“तुला काय वाटतं?”

“तुमी सांगा.”

मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, एक मुलगी बरी झाली आहे आणि मला ते आवडत नाहीये. तो म्हणाला, मग तुला नक्की काय पाहिजे होतं?

शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी ती आली. इकडचं तिकडचं झालं. निघायला उठली, दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळून म्हणाली,

“म्याडम, एक विचारू? ती बाटली कोणी ठेवली होती, ते कोणीच का विचारला नाय?”

मला आधी कळलंच नाही. “कोणती बाटली?”

“डिझेलची. थंड्याच्या बाटलीत डिझेल. खाली, ओट्याच्या कडंला. पिंट्याच्या हाताला येईल अशी.”

मी तिला परत बसायला सांगितलं. मळणीच्या यंत्राला लागतं म्हणून डिझेल आणलं होतं. दत्तूनं. मोठा डबा सांडतो म्हणून थोडं बाटलीत काढून घरात ठेवलं होतं. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनाही सांगितलं होतं, माझ्या कागदावरही ‘घरात बाटलीत ठेवलेले डिझेल’ असे शब्द माझ्याच अक्षरात होते. ती बाटली तिथं कुणी ठेवली, हे मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं प्रश्न विचारण्याचं काम केलेल्या बाईला हा प्रश्न सुचला नव्हता.

“माझी चूक हायच,” सुवर्णा म्हणाली. “मी बघायला पाहिजे होता. बोंडं घालायला नको होती. मी नाय म्हणत नाय. पण समदी चूक माझीच कशी?”

“तू हे इतके दिवस का नाही बोललीस?”

“तुमी पण कागदावर मोबाईल लिहिलात ना. मी बघितला लिहिताना. म्हटलं, म्याडमनी लिहिला म्हणजे तसाच असेल.”

एवढं झाल्यावर माझ्याच्यानं गप्प बसवेना. मी तिला रुबीच्या फोनचं सांगितलं. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, नंबर ब्लॉक केला ते, सगळं. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तिचा पोर रडत होता का?” तिनं विचारलं.

“हो.”

“तो रडत असला की ती खेळत नाय. मुद्दाम फोन केला असेल.”

तिनं हात पुढं केला. मी कपाट उघडलं, गठ्ठ्यामागचा फोन काढून तिला दिला. द्यावा की नाही, याचा विचार मी केला असं सांगता आलं असतं तर बरं. मी नुसताच दिला. तिनं ब्लॉक काढला आणि नंबर लावला. माझ्यासमोरच, आवाज मोठा ठेवून.

पुरुषाचा आवाज आला. “कौन?”

“रुबी है क्या?”

“वो अब फोन नहीं रखती. बहुत हो गया उसका. दुबारा मत करना.”

फोन बंद झाला. मी सुवर्णाकडे बघू शकत नव्हते. ते शब्द जवळजवळ माझेच होते. कुठल्या कोण गावात, कुणा नवऱ्याच्या नाही तर दिराच्या तोंडून ते परत आले होते. कदाचित तिथंही एखादी समजावणारी बाई असेल. कदाचित रुबीचं मूलही कधी उपाशी राहिलं असेल आणि तो माणूस बरोबरच असेल. मला काय माहीत? मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि त्यांनाही आमच्याबद्दल नव्हतं.

“ती कशी हाय, ते आता कोणाला विचारायचा?” सुवर्णा म्हणाली. मग फोन बॅगेत टाकून निघून गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या मंगळवारी दत्तू आला. मी मनातून घाबरले. पोरीनं पुन्हा खेळ सुरू केला असणार आणि हा मला जाब विचारायला आला असणार, असं वाटलं. तो तिरक्या खुर्चीत न बसता दाराशीच उभा राहिला.

“म्याडम, मुलाकडची बघायला आली, तर ती बाहेरच आली नाय. पावणे गेले. मी तिला बोललो, तुझ्यापायी इज्जत गेली, मोबाईलपायी पोर गेला असता. तर तिनं लीलासमोर सांगितलं, बाटली तू ठेवलीस.”

“मग?”

“मग काय. लीला माझ्याकडं बघाया लागली.” तो आत आला आणि बसला. “लीलाला पण माहीत होता. पहिल्या दिवसापासून. बोलली नाय.”

मी गप्प बसले. गप्प बसायची सवय त्या दिवशी उपयोगी पडली. तो आपणहून बोलू लागला.

“त्या दिवशी दवाखान्यात मी आलो ना, तेव्हा माझ्या डोक्यात बाटलीच होती. दुसरा कायच नाय. मग कोणतरी म्हणाला मोबाईल. मग समदेच म्हणाले मोबाईल. मी पण म्हटला मोबाईल. बरा वाटला मना.” त्यानं दोन्ही तळहात चेहऱ्यावर फिरवले. “मी रोज बघतो, म्याडम. पिंट्या काय पण हातात घेतो ना, पाणी पितो ना, मी उठून बघतो ग्लासात काय हाय.”

त्याला रडू आलं. घर चालवणारा तिशीतला माणूस, गोदामात पोती उचलणारा. ज्याला खरी मदत हवी होती तो चार महिने घरून बहिणीच्या जीपभाड्याचे पैसे मोजून देत होता आणि मी त्याला ‘नातेवाईक’ या रकान्यात लिहिलं होतं.

जाताना त्यानं विचारलं, “तिचा फोन मी काढून घेतलाय. देऊ का परत?”

लोक मला हा प्रश्न रोज विचारत. माझ्याकडे तयार उत्तर असे. वेळ ठरवा, जागा ठरवा, हळूहळू द्या. या वेळी तोंडातून निघालं, “मला माहीत नाही. तिला विचारा.”

“तिला?” तो म्हणाला. त्याला खरोखरच हे कधी सुचलं नव्हतं. नवल त्याचं वाटायला नको. मला तरी कुठं सुचलं होतं?

आठवड्यानं त्याचा फोन आला. “विचारला, म्याडम. ती म्हणाली, विचार करून सांगते.” आवाजात थोडा राग होता आणि थोडी भीती. तिनं त्याला बारा दिवस लटकत ठेवलं. बाराव्या दिवशी म्हणाली, दे. पिंट्या माझ्यावर सोपवला असेल तेव्हा फोन लीलावहिनीकडं, बाकी माझा मी बघेन. त्या ‘बाकी’मध्ये काय काय येतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दत्तू नंतर माझ्याकडे सहा-सात वेळा आला. बहिणीशी त्याचं बोलणं अजून तुटक आहे, पण आहे.

सुवर्णा एका विषयात सुटली, एकात पुन्हा राहिली. मुरबाडला एका कंपनीत माल भरायच्या कामाला लागली, तिथंच तिघींबरोबर खोली घेऊन राहते. पुन्हा खेळते. हे तिनंच मला कळवलं, मी न विचारता. रोज किती, ते सांगितलं नाही. मी निवृत्त होताना सगळ्यांचे कागद पूर्ण करून द्यायचे होते. शेवटचा रकाना असतो, बरा झाला, सुधारला, की येणं बंद केलं. तिचा कागद मी दोनदा काढला आणि दोनदा ठेवला. शेवटी ‘येणं बंद केलं’वर खूण केली. तेवढंच मला खात्रीनं माहीत होतं.

मागच्या महिन्यात एका लग्नासाठी मुरबाडला गेले होते. परतताना एसटी स्टँडवर ती दिसली. बाकावर बसली होती, घरी निघाल्यासारखी पायाशी बॅग, कंपनीचा निळा डगला, कानात बोंडं, दोन्ही अंगठे फोनवर. “पीछे हट, पीछे! मैं बोलती हूँ तब निकलना!” असं ठणकावून सांगत होती. शेजारचा म्हातारा दचकून बाजूला सरकला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. आमच्या मंगळवारांत एकदाही तिनं तो काढला नव्हता.

तिनं मला पाहिलं. चेहरा फुलला. एक बोट वर करून खूण केली, एक मिनिट. मी उभी राहिले. तेवढ्यात तिकडची, तिच्या गावाकडं जाणारी गाडी लागली. माणसं चढली. वाहकानं घंटी मारली. तिनं मान वर करून गाडीकडे बघितलं, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसून राहिली. गाडी निघून गेली. मग तिनं बोंडं काढली, फोन डगल्यात टाकला आणि धावत येऊन माझ्या पाया पडली.

“अगं, गाडी गेली ना तुझी!”

“जाऊ दे, दुसरी येते. चला म्याडम, चहा पिऊ. पिंट्या शाळेत जातो आता, सांगायचाय तुमाला.”

समुपदेशक म्हणून मला दिसलं, की खेळापायी मुलीची गाडी चुकली. आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी फक्त माझ्यासाठी गाडी सोडली असेल, असंही वाटलं. दोन्हींतलं खरं कोणतं, ते विचारायला मी तोंड उघडलं. मग म्हटलं, आज नको. तिनं चहा सांगितला, माझ्यात साखर कमी घालायला सांगितली, आणि पिंट्याच्या शाळेचं सांगायला लागली.